घरटी एक

प्रिय ढब्बू,

आधी पोटभर हसून घे, मग बाकीचं वाच. काल मैदानावरून आम्हाला छावणीत परत न्यायला ट्रक आला. सगळ्याजणी चढल्या, मी शेवटची. मागची फळी लावली आणि माझा हात आपोआप पत्र्यावर दोनदा आपटला. इतकी वर्षं बसमध्ये डबल बेल दिलेला हात तो, नोकरी सोडली हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. ड्रायव्हरही पूर्वीचा बसवालाच निघाला, त्याने मुकाट गाडी सोडली. आम्हाला कवायत शिकवणाऱ्या उस्तादबाई राहिल्या रस्त्यावर, तोंडात शिट्टी धरून मागे धावतायत. शिक्षा म्हणून मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, आणि फेऱ्या मारतानाही मला हसू आवरेना. आता सगळी छावणी मला टिंगटिंग म्हणते.

मला इथे फार आवडतंय रे. खोटं वाटेल, पण पहाटे उठताना कंटाळा येत नाही. परवा आम्ही ओढ्यावर लोखंडी पूल जोडला. नट आवळून आवळून बोटं सोलवटली, पण वरून पहिला ट्रक गेला तेव्हा अंगावर काटा आला. जन्मभर दुसऱ्याने बांधलेल्या रस्त्यावरून तिकिटं फाडत हिंडले, आणि हा पूल माझा. तो पार केल्यावर आमचा घोळका असा काही ओरडला की उस्तादबाईंनाही रागवायचं सुचलं नाही.

शेजारच्या खाटेवर एक केस कापणारी आहे. सैन्याच्या सक्तीच्या भरतीत तिच्या घराची पाळी आली म्हणून आलेली, नाखुशीने. मी आपणहून नाव दिलं हे कळल्यावर तिने मला डोक्यावर पडलीस का असंच विचारलं. रोज वाद घालतो आम्ही. मी म्हणते, मनापासून आलेलं माणूस जास्त टिकतं. ती म्हणते, सगळं खुशीवर सोडलं असतं तर इथे फक्त तुझ्यामाझ्यासारख्या गरजू पोरी दिसल्या असत्या, पलीकडच्या खाटेवरची कारखानदाराची मुलगी कधी आली असती? यावर तुला उत्तर सुचलं तर सांग, मला तिला गप्प करायचंय.

आपल्या घरी भरतीची नोटीस आली ती सकाळ आठवते? घरटी एक, मुलगा किंवा मुलगी, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. बाबांनी वाचलं, चष्मा काढला आणि तुझ्याकडे बघितलं. आईने तू न मागता तुला पुन्हा वाढलं. तू मान खाली घालून जेवत राहिलास. माझ्याकडे एकानेही बघितलं नाही. मला इतका राग आला म्हणून सांगू! मुलगी हा शब्द काय शाई उरली म्हणून लिहिला होता? त्याच दुपारी डेपोतून रजा काढली आणि नाव देऊन आले. तेव्हापासून सगळे मला त्यागमूर्ती करून बसलेत. आई तर फोनवर रडतेच. तुझा जीव वाचावा असं मला वाटलं नाही, असं कसं म्हणू? वाटलंच. पण त्याच्या कितीतरी आधी मला यायचं होतं, आणि कोणी विचारत नव्हतं.

आणि तू काय घरी लपून बसलायस? अख्ख्या वस्तीला पाणी सोडतोस. जुनाट पाइपांचा कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे? तू तापाने पडलास तेव्हा वरच्या आळीला दोन दिवस पाणी नव्हतं, सगळ्या बायका भांडी घेऊन आपल्याच दारात. देशाचं काम करायला खाकीच घालावी लागते असं कुठे आहे?

बाबांनी कळवलं, की रविवारी शपथ व्हायच्या आत घरातल्या दुसऱ्याला माझ्या जागी भरती होता येतं हे तू शोधून काढलंस, रजाही टाकलीस. नाक्यावरची पोरं बहिणीच्या पदराआड लपलास म्हणून चिडवतात, हेही कळलं. म्हणून हे पत्र. रविवारी ये, नक्की ये. नातेवाइकांसाठी समोर बाक ठेवलेत, त्यातल्या पहिल्याच बाकावर बस. पण येताना कपड्यांची बॅग आणू नकोस, ढब्बू. तुझ्या हातात बॅग दिसली तर माझ्या तोंडून शपथ फुटायची नाही. रिकाम्या हाताने ये, आणि सगळ्या घरात तू एकट्याने तरी मला विचार, ताई, तुला जायचंय ना?

तुझीच, हो म्हणायला टपून बसलेली,
ताई