गोटमारीच्या आधी

पांढुर्णा,
श्रावण, १९५७

प्रिय सुरेश,

राखी टपालाने आली म्हणून तू रागावला असशील. आमच्या गच्चीवरून सावरगावचं आपलं घर दिसतं, पूल ओलांडला की माहेर, आणि बहीण राखी टपालात टाकते! शेजारणींना तोंड देताना आईची काय तारांबळ उडाली असेल ते मला इथे बसून कळतं. सासरच्यांनी अडवलं असं मात्र समजू नकोस. मीच आले नाही. अरविंदला घेऊन चारचौघांत यायची मला लाज वाटते.

नऊ महिन्यांचं पोर, पण कुणाच्या मांडीवर टिकत नाही. वाटी पडली तरी दोन्ही हात हवेत फेकून असा किंचाळतो की रडता रडता निळा पडतो. हसतो फार थोडा. सासूबाई म्हणतात, "पोरगं लय दचकून राहिलं वं, कोनाची तरी नजर लागली." जामसांवलीच्या मारुतीला नेऊन आणलं, गळ्यात काळा दोरा बांधला. दोऱ्याने मानेवर पुरळ तेवढं उठलं. हळदीकुंकवाला बायका आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. त्या बघण्याने मी मेल्याहून मेली होते.

शेवटी तुझ्या भाऊजींनी आम्हाला नागपूरला नेलं. नागपूर आता मुंबई राज्यात गेलं, पण आपली दुखणी अजून तिकडेच जातात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोराला नीट तपासलं, अंगाने ठणठणीत आहे म्हणाल्या, आणि मलाच विचारलं, पोटुशी असताना कशाची धास्ती घेतली होतीस? मी नाही म्हटलं. आपल्या आजोबांनी नदीत झेंड्याचा पळस रोवलेला, आणि त्यांची नात गोटमारीला, दोन काठांच्या त्या दगडफेकीला, भ्याली असं कोणत्या तोंडाने सांगू? तेही तुझे भाऊजी शेजारी बसलेले असताना! बाईंनी त्यांना बाहेर पाठवलं आणि मग मी रडत रडत सगळं सांगितलं.

लग्न ठरलं तेव्हा मावशी चेष्टेने म्हणाली होती, आता गोटमारीला साळा-जवाई आमनेसामने, एक सावरगावच्या काठावर, एक पांढुर्ण्याच्या. आपण सगळे हसलो होतो. मागच्या वर्षी मात्र श्रावण लागला, गच्चीवर गोटे जमायला लागले आणि माझी झोपच उडाली. मला सातवा लागलेला. तुझे भाऊजी एरवी मुंगी मारणार नाहीत, संत्र्याची पेटीसुद्धा हळू ठेवतात. तेच रोज गोटे हातात घेऊन तोलून बघायचे. पोळ्याच्या करीला, गोटमारीच्या दिवशी, सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बसवलं, बाहेर बघायचं नाही म्हणून. बघितलं असतं तर बरं झालं असतं. कुणी पडला की नदीवर आरोळी उठायची, आणि कोणत्या काठाचा पडला ते मला कळायचं नाही. दरवेळी पोट दगडासारखं व्हायचं. संध्याकाळी हे पळसावरचा झेंडा जिंकून आले आणि हसत म्हणाले, "सुऱ्याले बराबर लागला आज माहा गोटा." मी त्यांना ओवाळलं.

तुझ्या कपाळाची जखम चिघळली, ताप चढला, तेव्हा हेच पेटीभर संत्री घेऊन तुझ्या उशाशी बसले होते. तुम्ही दोघं खिदळत होता. तुमच्या मनात काही नव्हतंच. भीती फक्त माझ्या मनात होती, आणि ती पुढे बाळंतपणापर्यंत उतरली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईच्या जिवाला असा घोर लागून राहिला की तो बाळालाही पोचतो, ते पोटातच दचकायला शिकतं आणि जन्मल्यावर त्याला निवांत व्हायला वेळ लागतो. छातीशी धर, हळू बोल, निवळेल. तुझा दोष नाही, असंही म्हणाल्या. अरविंद दचकला की मात्र मला वाटतं, माझा भित्रेपणा हे पोर साऱ्या गावाला ओरडून सांगतं आहे.

सुरेश, मला पुन्हा दिवस गेले आहेत, आणि गच्चीवर गोटे जमायला लागले आहेत. यांना मी विनवून पाहिलं. "एका दिवसाची गोष्ट, येडी होऊन राहिली का?" म्हणाले आणि प्रेमाने पाठीवरून हात फिरवला. ते थांबणार नाहीत. म्हणून तुला लिहिते. या वर्षी तू खेळू नकोस. पोळ्याआधी मला आणि अरविंदला रामाकोन्याला आत्याकडे पोचव, आणि करीच्या दिवशी तूही तिथेच राहा, माझ्या डोळ्यांसमोर. सासूबाई नाही म्हणणार नाहीत. सावरगावात तुला भागूबाई म्हणतील, जवायाला भिऊन पळाला म्हणतील, वर्षभर पारावर तुझी थट्टा होईल. सगळं कळतं मला. नवऱ्याजवळ चाललं नाही ते मी धाकट्या भावाजवळ मागते आहे, कारण तुला माझा शब्द मोडता येत नाही. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तरी ये.

तुझीच,
नलिनीताई