शब्दकोशाखालचा फोन

चिरंजीव,

सूनबाईवर डाफरू नकोस, माझ्या खाटेखालचं सगळं सामान मीच नेतोय.

सकाळी चष्मा शोधताना तुझा फुगलेला फोन सापडला. तो सपाट व्हावा म्हणून त्यावर शब्दकोशाचे दोन खंड ठेवलेस? बॅटरी म्हणजे काय चुरगळलेला सदरा आहे? अरे, ते खंड श्वास घेत होते. मी वाढवून सांगतो म्हणणारी सूनबाईसुद्धा ते बघून दोन पावलं मागे सरली. फोन तिनेच कोरड्या वाळूच्या डब्यात घालून दिला.

तुझं कॉम्प्युटरचं दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली, तरी सहा कॉम्प्युटर माझ्या पाठीखाली मुक्कामाला आहेत. विचारलं की म्हणतोस, "परत सुरू करायचंय, बाबा." चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत मी, मेलेलं यंत्र मला कळतं. भंगारवाल्याला देणार नाही, तो तारा जाळून तांबं काढतो आणि धूर गल्लीभर सोडतो.

जुनी यंत्रं घेणाऱ्या केंद्रात काल विचारून आलो. तिथली बाई म्हणते, आत गिऱ्हाइकांची माहिती आहे, तेव्हा डिस्क मालकासमोरच फोडणार. मी म्हटलं, मालक मीच. तिने पासवर्ड विचारला.

तेव्हा पाचच्या आत तिथे ये. बघवणार नाही तुला, ठाऊक आहे. माझा शेवटचा रेडिओ देताना मलाही बघवलं नव्हतं. मी शेजारी उभा राहीन.

येताना तोंड पाडून येऊ नकोस. टेम्पोवाल्याला सांगितलंय की मुलगा नवी मशिनं घेतोय, म्हणून जुनी काढतोय. मला खोटं पाडू नकोस.

बाबा