शंभर टक्के रिकाम्या इमारतीत उरलेल्या सासूबाईंबाबत

प्रति,
माननीय अनुदान अधिकारी,
सामूहिक आपत्कालीन पूर्वतयारी विभाग,
तळमजला.

विषय : आमच्या इमारतीला मिळालेल्या आपत्कालीन नियोजन व प्रशिक्षण अनुदानाचा पुढचा हप्ता, अध्यक्ष मागतील तसा न देता, माणसं खाली उतरवण्याच्या कामी देण्याबाबत.

संदर्भ : "सराव शंभर टक्के यशस्वी" हा अहवाल. (सरावाच्या आधीच टाइप केलेला.)

महोदय,

सदर अर्जदार चौथ्या मजल्यावर राहते, घरी शिवणकाम करते आणि तिला पैजा लावायची खोड आहे. हे आधीच नमूद केलेलं बरं, कारण प्रकरण पैजेवरूनच पेटलं. इमारतीचे अध्यक्ष गेल्या आठवड्यात जिन्यात उभे राहून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "भोंगा वाजला की आत चिटपाखरू राहणार नाही. राहिलंच तर मी स्वतः त्याला पाठीवर घालून खाली आणीन!" अर्जदाराने तोंडातली टाचणी काढून विचारलं, "लावता पैज?" अध्यक्ष म्हणाले, "लावली! पण वहिनी, हरलात तर वर्षभर गळ्यात शिट्टी अडकवून फाटकात उभं राहायचं आणि मी दिसलो की सलाम ठोकायचा." पहिल्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर साक्षीला राहिले. टाळी दिली, घेतली.

आता अनुदानाचं काय केलं ते. आपत्तीचा आराखडा कुठल्याशा बंदराच्या गावाच्या आराखड्यावरून जसाच्या तसा उतरवला आहे. त्यामुळे भरतीच्या वेळी होड्या कुठे बांधाव्यात यावर त्यात पानंच्या पानं आहेत. आमच्याकडे समुद्र नाही, महोदय. गटार आहे. त्यात होडी जात नाही, पाणीसुद्धा नाखुशीने जातं. प्रशिक्षणाला बसले अध्यक्ष, त्यांचे मेव्हणे आणि मेव्हण्यांचे जावई. यातले शेवटचे दोघे परगावी राहतात. तेव्हा आगीने लागण्यापूर्वी कळवावं, म्हणजे पाहुण्यांना वेळेत पोचता येईल. बचाव पथकाची केशरी जाकिटं शिवायचं काम अर्जदाराकडेच आलं होतं. मापं घेतानाच तिच्या लक्षात आलं की यंदाची आपत्ती फक्त पोट सुटलेल्यांनाच वाचवायला बोलावणार आहे.

पण हे सगळं हसण्यावारी नेता येईल. पुढचं येत नाही.

ज्यांना जिना उतरता येत नाही अशा रहिवाशांची नोंद करा, असं आपल्याच परिपत्रकात होतं. अध्यक्षांनी ती नोंद खाली अंगणात बैठक बोलावून केली. माइक हातात घेऊन म्हणाले, "ज्यांना जिना उतरता येत नाही, त्यांनी हात वर करा." एकही हात वर झाला नाही. कसा होणार? अर्जदाराने उठून सांगितलं, "माझ्या सासूबाई आहेत, खुबा मोडलाय, वर बसल्यात." त्यावर उत्तर मिळालं, "त्यांनी स्वतः येऊन हात वर करावा, वहिनी. नियम सगळ्यांना सारखा." मग आराखड्यात लिहिलं गेलं : चालू न शकणारे रहिवासी, निरंक. कागदावर निरंक म्हटल्यावर अध्यक्षांच्या डोक्यातही निरंकच झालं. नाहीतर असली पैज त्यांनी घेतली नसती. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, लिफ्टची फक्त जागा आहे, हेही ते विसरले.

सरावाची सूचना फाटकावर लागली ती अशी : "रविवारी सकाळी अचानक आपत्ती येईल. सर्वांनी वेळेपूर्वी उपस्थित राहावे." लोक गुणी. घरांना कुलपं घालून, खुर्च्या घेऊन, पुढची जागा धरायला भोंग्याच्या कितीतरी आधी अंगणात हजर. भोंगा वाजला. जे अंगणात बसले होते ते अंगणातच बसून राहिले. अध्यक्षांनी माइकवरून जाहीर केलं, "इमारत शंभर टक्के रिकामी!" आपल्या निरीक्षकांनी चहाचा घोट घेतला आणि तयार अहवालावर सही ठोकली.

तेवढ्यात वरून, गॅलरीतून, सासूबाईंचा आवाज आला, "अहो अध्यक्ष, विझली का आग? मी वरच आहे म्हणून विचारते!"

अध्यक्ष म्हणाले, "त्या यादीत नाहीत." दाताचे डॉक्टर म्हणाले, "पैजेत आहेत." मग मात्र आख्खं अंगण खुर्च्या बडवायला लागलं.

अध्यक्ष वर गेले. माणूस दिलेल्या शब्दाला पक्का, एवढं मान्य करावं लागेल. अर्जदार सासूबाईंची काठी घेऊन मागे. मागचा रुंद, खास आपत्तीसाठीचा जिना वापरावा म्हटलं, तर त्याच्या दाराला कुलूप. आत अनुदानातून आणलेली स्ट्रेचरं आणि गाद्या छतापर्यंत रचलेल्या. तेव्हा पुढच्या अरुंद जिन्यानेच वरात निघाली. सासूबाई पाठीवरून सांगत होत्या, "अरे बाबा, मी काय पोतं आहे? कठडा धर आधी! गळ्यातली शिट्टी कसली सांभाळतोस?" तिसऱ्या मजल्यावर अध्यक्ष पायरीवर बसले. दुसऱ्यावर भिंतीला टेकले. पहिल्यावर त्यांनी दम खात विचारलं, "वहिनी, एरवी तुम्ही कसं हो आणता यांना खाली?"

अर्जदार म्हणाली, "आणत नाही. खुबा मोडल्यापासून त्या आज पहिल्यांदा उतरताहेत."

त्यावर अध्यक्षांनी सासूबाईंना पाठीवर नीट सावरून घेतलं. उरलेल्या पायऱ्या न थांबता उतरले आणि भर अंगणात, सगळ्यांसमोर, निरीक्षकांना उठवून त्यांच्या खुर्चीत सासूबाईंना बसवलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सासूबाईंनी दोन्ही पाय जमिनीला नीट टेकवले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ऊन बरं आहे रे इथे."

तरी विनंती अशी की, पुढच्या हप्त्यातून जिन्यावरून माणूस नेण्याची खुर्ची घ्यावी, प्रत्येक मजल्यावरच्या दोन-चार धडधाकट लोकांना ती उचलायला शिकवावं, आणि नोंद घेणाऱ्याने पायऱ्या चढून दारोदार जावं. होड्यांचं आम्ही आमचं बघून घेऊ.

हा अर्ज अंगणातच लिहून आपल्या निरीक्षकांच्या हाती देत आहे. अध्यक्ष सरावासाठी घातलेल्या स्टेजवर पालथे पडले आहेत. दाताचे डॉक्टर त्यांची कंबर चोळत आहेत. सासूबाईंना परत वर कसं न्यायचं, हे आम्हा कुणालाच शिकवलेलं नाही. निर्णय ऊन उतरायच्या आत व्हावा.

खाली थांबलेली, आपली नम्र,
(सही)
चौथ्या मजल्यावरची अर्जदार

दिनांक : सरावाचाच, दुपारी.

सोबत : आराखड्याचं "निरंक" असलेलं पान. त्यावर सासूबाईंनी स्वतः खाली येऊन, नियमाप्रमाणे, सही केली आहे.