कमलचा वर केलेला हात

परंडा
१४ जानेवारी १९७३

ती. तात्यादादांस,
पिराजीचा सविनय जयभीम.

काल खो-खोच्या सामन्यानंतर तुम्हाला न भेटताच एस.टी.त बसलो. राग अजून गेलेला नाही. कमल आमच्या शाळेच्या संघाची कर्णधार. शेवटच्या मिनिटाला तिनं गडी बाद केला. तुम्ही, पंच म्हणून, तिनं दिशा बदलली असं म्हणत फाऊल दिला आणि एका गुणानं आम्ही हरलो. संघाचा शिक्षक म्हणून मी बोललो तर सगळ्या भूम गावासमोर मला मैदानाबाहेर काढलंत. सख्ख्या भावाला बुडवून निःपक्षपाती ठरलात, असं आमचे लोक म्हणतात.

संघ जिंकून पुढच्या फेरीला औरंगाबादला गेला तर पोरीची शाळा चालू ठेवीन, असं तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं. आता उद्यापासून ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणार.

वहिनींची भाकरी न खाता आलो, त्यांना राग नसावा.

आपला,
पिराजी

भूम
२० जानेवारी १९७३

चि. पिराजीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीला राग आहेच, पण तो माझ्यावर. चूक माझी होती. कमल सरळच धावली, हे दुसऱ्या पंचांनी मला नंतर सांगितलं. शंका मला शिट्टी वाजवतानाच आली होती. पंचाला विचारायचा हक्क फक्त कर्णधाराचा, हे तुला ठाऊक आहे. कमलनं हात वर केला होता. ती विचारील, मग मी दुसऱ्या पंचांकडे जाईन, म्हणून थांबलो होतो. तेवढ्यात तू ओरडत आत आलास आणि तिला म्हणालास, तू गप बस, मी बोलतो. धाकटा भाऊ चारचौघांत अंगावर आला म्हणून मीही चिडलो आणि खेळ पुढं चालू केला. तिला मी बोलवायला हवं होतं.

संयोजकांना कळवलंय. निकाल बदलणार नाही.

तुझा,
तात्याराव

परंडा
४ फेब्रुवारी १९७३

ती. दादांस,
सविनय जयभीम.

पत्र तीनदा वाचलं. तो हात वर करायला वर्षभर मीच शिकवलं होतं.

खडीच्या कामावर जाऊन आलो. कमलच्या वडिलांना सगळं सांगितलं. हजेरीत नाव लागलंय, आता राहू द्या, म्हणाले. पंचांनी चूक कबूल केलीय, असं कमलला सांगितलं. हातोडा न थांबवता ती एवढंच म्हणाली, "सर, तवाच मला बोलू द्यायचं व्हतं."

नवी कर्णधार सत्यभामा. काल सरावात तिला काही विचारायचं होतं. तिनं हात वर केला, माझ्याकडं पाहिलं आणि खाली घेतला.

वहिनींना जयभीम. आपल्या दोघांत पहिल्यासारखीच माया राहू द्यावी.

आपला,
पिराजी