बिनखुणेची गिनी

बाबा,

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. तुम्ही दवाखान्यातून आलात, सायकल भिंतीला टेकवली आणि हँडलला अडकवलेली कापडी पिशवी सोडवून माझ्या हातात दिलीत. पिशवी कोमट होती आणि आतून थरथरत होती. मी ती टाकलीच असती, पण तुम्ही खालून हात धरलात. आत गिनीपिग होती. पांढरी, एका कानाशी तपकिरी डाग, शेपूट नाहीच. मी नऊ वर्षांची होते आणि त्याआधी तुम्ही मला वह्या-पुस्तकांखेरीज काही आणून दिल्याचं आठवत नव्हतं. मी नाव काय ठेवायचं म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, नाव ठेवायचं नाही, गिनी म्हणायचं. मग पिशवी झटकत म्हणालात, "कोंडू नको तिले. घरभर फिरू दे."

हे मी पुस्तकी मराठीत लिहिते आहे. पत्रात घरचं बोलणं लिहू नये असं तुम्हीच मला शिकवलं होतं. पण तुमचं आणि मायचं बोलणं जसं कानात आहे तसंच लिहिणार, ते मला सुधारता येत नाही.

खामगावात आपण दोन खोल्यांत राहायचो. तुम्ही दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होतात. बाटल्या धुणं, काचा पुसणं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमधली जनावरं सांभाळणं हे तुमचं काम. मी शाळेतून येताना कधी शेडपाशी थांबायची. ओळीनं पिंजरे, आणि प्रत्येक गिनीच्या पाठीवर जांभळ्या औषधाची खूण. कुणाला एक रेघ, कुणाला दोन, कुणाला फुली. तुम्ही मला समजावून सांगितलं होतं की माणसाच्या छातीत टीबी आहे की नाही याची काचेखाली खात्री पटली नाही, तर डॉक्टर त्याचा बेडका या जनावराला टोचतात आणि दीड महिना वाट बघतात. गिनीला तो रोग लगेच धरतो. दीड महिन्यानं काय करतात ते मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही. घरी आणलेल्या गिनीच्या पाठीवर खूण नव्हती. मी ते लगेच पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं, हिला तुम्ही वाचवून आणलं.

माय दसऱ्याला परत आली होती. चौदा महिने ती टीबीच्या सॅनिटोरियमात होती. बेडका साफ आहे, घरी न्यायला हरकत नाही, असा दाखला मिळाला होता आणि तुम्ही तो घडी घालून देवाच्या तसबिरीमागे ठेवला होता. तरी तिची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी होती आणि माझं अंथरूण स्वयंपाकघरात. तिचं ताट-पेला वेगळा. हे नियम तुमचे होते, पण पाळायची तीच जास्त. मी जवळ जायला लागले की ती तळहात पुढे करायची, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा. "तिथूनच बोल," म्हणायची. मामा पिंपळगाव राजाहून बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन यायचा. टोपली ओसरीवर ठेवायचा, बहिणीशी दारातूनच बोलायचा, पाणी नको म्हणायचा. आपल्या मळ्यातले मुळे आणि मेथी तो निवडून निवडून आणायचा आणि उंबरा मात्र ओलांडायचा नाही. ती त्याला कधी आत ये म्हणाली नाही.

गिनी पहिले दोन दिवस धान्याच्या डब्यामागे दडून बसली. तिसऱ्या दिवशी बाहेर आली आणि भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागली. खोलीच्या मधून ती कधी जायची नाही. भिंत धरून धान्याच्या डब्यापासून पाटापर्यंत, तिथून चौकटीला घासून पुढच्या खोलीत, मग खाटेखाली. मी मोरीच्या भोकात चिंधी कोंबली, मांजर येऊ नये म्हणून दाराला आडवी फळी लावली. माय पहिल्यांदा चिडली होती. लेंड्या झाडाव्या लागतात, पोत्याचे धागे कुरतडते. पण महिनाभरात असं झालं की मायनं मुळ्याचा पाला मोडल्याचा आवाज आला की गिनी कुठेही असली तरी शीळ घालायची आणि भिंतीच्या कडेनं धावत सुटायची. माय तिला उचलून मांडीवर घ्यायची, मग पदराखाली गळ्याशी धरायची. इतक्या महिन्यांनी तिला कुणीतरी चिकटून बसलं होतं. एकदा मला म्हणाली, "पाह्य, हिले माही किळस येत नाही." ती हसत होती. मी चौकटीत उभी होते, माझ्या जागेवर.

रविवारी सकाळी तुम्ही दवाखान्यातून आणलेला तराजू काढायचात. गिनीला एका पारड्यात बसवून वजन करायचात आणि पंचांगाच्या मागच्या पानावर लिहायचात. मग तिला उताणी धरून दोन बोटं तिच्या जांघेत आणि काखेत हळूहळू फिरवायचात. डोळे मिटून. मला वाटायचं तुम्ही तिचे लाड करता. मला तुम्ही कधी असा हात लावला नव्हता. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटायचा.

तुम्ही मला एकदाच मारलंत. संक्रांतीच्या सुमाराला थंडी वाढली होती, म्हणून मी गिनीला उचलून एका खोक्यात घातलं आणि स्वयंपाकघरात माझ्या अंथरुणाशी ठेवलं. असं तीन-चार दिवस चाललं. तुमच्या लक्षात आलं तेव्हा तुम्ही खोकं पायानं उलटं केलंत आणि माझ्या कानशिलात दिलीत. "तिची जागा खाटेखाली हाय. तिथून हालवाची नाही." माय खाटेवरून म्हणाली, लेकराला काऊन मारता, जनावरच तर आहे. तुम्ही स्वतः गिनीचं पोतं उचलून पुन्हा मायच्या खाटेखाली, उशाच्या बाजूला अंथरलंत.

होळीनंतर गिनी रोडावली. शीळ घालायची, पण धावत यायची नाही. पाला तोंडाशी न्यावा लागायचा. पंचांगावरचे आकडे मीही वाचत होते, ते उतरत होते. खामगावचा उन्हाळा तो, मला वाटलं उन्हानं होत असेल, म्हणून मी पोतं भिजवून ठेवायची. माय रात्री घामानं भिजायची तेही मला उन्हाचंच वाटायचं.

त्या दिवशी तुम्ही दुपारीच घरी आलात आणि मला दळण घेऊन गिरणीवर पाठवलंत. गिरणीची वीज गेली होती. डबा तिथेच ठेवून मी घरामागून परसात आले. तुम्ही परसात धुण्याच्या दगडापुढे बसला होतात. दगडावर पाट, पाटावर गिनी, चारी पाय टाचण्यांनी रोवलेले. पोट उघडं होतं. तुमच्या हातात छोटी कात्री होती आणि तुम्ही काळजी घेऊन काहीतरी वर उचलून उजेडाला धरत होतात. त्यावर पिवळट पांढरे ठिपके होते, खसखस पेरल्यासारखे. मी तिथेच जमिनीवर बसले.

माय मागच्या दारात उभी होती, चौकटीला धरून. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं मला पाहिलं नाही. ती तुम्हाला म्हणाली,

"हे माह्यासाठी आनलं होतं का?"

तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "हो."

"दाखला तं साफ होता ना."

मग तुम्ही बोललात. तुम्हाला एवढं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. दाखल्यावर तुमचा विश्वास बसला नव्हता, ती झोपेत खोकते ते तुम्ही ऐकत होतात. तुम्ही डॉक्टरांना म्हणाला होतात, तिचा बेडका एका जनावराला टोचून बघा. डॉक्टर म्हणाले, सॅनिटोरियमचा कागद असताना तू कोण सांगणार. बाटल्या धुणाऱ्याचं कोण ऐकतं. म्हणून तुम्ही एक बिनखुणेची गिनी घरी आणलीत आणि तिच्या उशाशी सोडलीत. एवढं सांगून तुम्ही म्हणालात, "पोरगी हाय घरात."

मायनं पाटावरच्या गिनीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले इचारलं असतं तं मी हो म्हटलं असतं." आणि थोड्या वेळानं, "मी तिले गळ्याशी धरत होती. तुमी पाहत होते."

तुम्ही तो ठिपक्यांचा तुकडा बाटलीत घालून दवाखान्यात नेलात. डॉक्टर आधी रागावले, मग त्यांनी काचेखाली पाहिलं, मग मायचा बेडका दोनदा तपासून पाहिला. दुसऱ्यांदा त्यात सापडलं. पाचव्या दिवशी तिला पुन्हा न्यायचं ठरलं. परत येणार म्हणून ती गेली आणि श्रावणात तुम्ही तिची पत्र्याची पेटी घेऊन एकटेच आलात. पेटीत दोन लुगडी, कंगवा आणि तिचा वेगळा पेला होता. पेला तुम्ही परसात पुरलात. गिनीलाही तुम्ही तिथेच कुठेतरी पुरलं असेल, मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही मला दवाखान्यात नेलंत, वजनाच्या काट्यावर उभं केलंत, आणि घरी आल्यावर पाटावर बसवून माझ्या जबड्याखाली, मानेच्या दोन्ही बाजूंना, काखेत गाठ लागते का पाहत दोन बोटं फिरवलीत. डोळे मिटून. मी दगडासारखी बसून राहिले. मला कळलं होतं, आता पारड्यात मी आहे. दर रविवारी, माझं लग्न होईपर्यंत. बारावं लागलं तेव्हा मी म्हणाले, काखेत नको. तेव्हापासून तुम्ही फक्त मान चाचपायचात. मी तुमच्याशी लागेल तेवढंच बोलत होते. तुम्हाला वाटलं असेल, आई नसलेली पोर आहे, अबोलच असणार.

मला राग कशाचा होता, हे सांगायला मला इतकी वर्षं लागली. गिनी मारली याचा नव्हता. तुम्ही चुकला होतात असंही नाही, तुम्हीच बरोबर होतात आणि कागदवाले चुकले होते. राग याचा की ती तुम्ही माझ्या हातात दिलीत. मायच्या उशाशी सोडायची होती तर तुम्ही स्वतः सोडायची होती. मी तिच्यासाठी मोरी बंद केली, फळी लावली, पोती भिजवली. आणि आणखी एक. दिवाळीपासून चैत्रापर्यंत तुम्ही वाट पाहिलीत, तेवढे महिने मीही त्याच घरात होते. दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, नुसती चौकट होती. तुम्ही आणखी काय करू शकला असतात, हे मी पुष्कळदा मनात मांडून पाहिलं आहे. भाड्याला दुसरी खोली कुणी दिली नसती. मामानं मला नेलं नसतं, त्याच्या घरात लहान लेकरं होती. मला उत्तर सापडत नाही. तुम्हालाही सापडलं नसेल, हे आता माझ्या ध्यानात येतं. तुम्ही दवाखान्याच्या पाटीवर राज्याचं नाव तीनदा बदललेलं पाहिलंत, शेडमधले पिंजरे भंगारात गेलेले पाहिलेत, निवृत्त झालात, माझ्या मुलांना मांडीवर घेतलंत आणि त्यांच्याही मानेवरून सहज हात फिरवल्यासारखी बोटं फिरवलीत. मी पाहिलं होतं. तेव्हा विचारायला हवं होतं. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक मुलगी आहे, तिनं गिनीपिग पाळली आहे. मागच्या महिन्यात जिन्यात तिनं मला विचारलं, आजी, हिला घरात मोकळी सोडली तर चालेल का. मी तिला सगळं नीट सांगितलं. कपाटाखालच्या फटी बुजव, विजेच्या वायरी वर बांध, ती भिंतीच्या कडेनंच चालेल, तिला मधून चालायला लावू नको. तिला नवल वाटलं. तिनं ती माझ्या हातात द्यायला पुढे केली आणि मी हात मागे घेतले.

याच महिन्यात सर्दी हटेना म्हणून माझ्या छातीचा फोटो काढला. उजव्या बाजूला वर एक जुना, बरा झालेला डाग आहे. काळजीचं काही नाही, लहानपणीचा आहे, असं डॉक्टर म्हणाला. घरात कुणाला होता का, किती जवळचा संबंध होता, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही.

बाबा, मायला नेण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मोटारस्टँडवर चौकशीला गेला होतात. दुपार होती. मी पुढच्या खोलीत गेले आणि खाटेवर चढून तिच्याशेजारी निजले. तिनं तळहात पुढे केला नाही. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं, पदर तोंडावर घेतला आणि माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. तुमच्या सायकलचा आवाज येईपर्यंत मी तशीच होते. तुम्ही आत आल्यावर पहिल्यांदा मलाच विचारलंत, खाटेपाशी गेली होतीस का. मी नाही म्हटलं.