रोजचं पाणी

ती. आप्पांना,

करडीहून वृषालीचा नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. थंडी आहे, पण तुमचा स्वेटर बरोबर आणलाय.

आई गेली तेव्हा मी पंधरा दिवस घरी होते. तेवढ्यात इथला बटाट्याचा प्रात्यक्षिकाचा प्लॉट गेला. इथे सगळे धान करणारे. भाताच्या बांधीत पाणी साचलेलं दिसलं नाही तर यांना चैन पडत नाही. बटाटा कसा घ्यायचा ते मी जनाबाईंच्या वावरात दाखवणार होते. माझ्यामागे त्यांनी सऱ्या तुडुंब भरून ठेवल्या. म्हणाल्या, "तुमच्यावर दुःख आलं मॅडम. वावर तरी सुकाले नोको, म्हणून रोज पाणी भरलं."

काल पंचवीस शेतकरी बघायला आले. मी सरी उकरली, तर हाताला कुजलेल्या बटाट्यांचा काळा लगदा लागला. वास सुटला. पाणी किती द्यायचं, ते मी त्याच सरीवर समजावलं. जनाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मला राग आला नाही, रडूही नाही. आईच्या वेळीही असंच झालं होतं.

तुमचा गुडघा कसा आहे? गोळ्या घेता ना?

वहिनी सांगत होती, आईच्या कोरफडीला तुम्ही सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालता. तेवढ्या पाण्यानं ती कुजेल, हे मला कळतं. मी वहिनीला म्हटलं, आप्पांना घालू दे.

तुमची,
वृषाली