वारंटांविषयी तुम्ही विचारलंत म्हणून

गोमती नगर, लखनौ
३ फेब्रुवारी

प्रिय भास्करराव,

तुम्ही सुनेत्राचे थोरले भाऊ, म्हणून नमस्कार. माझ्याहून आठ महिन्यांनी लहान, म्हणून आशीर्वादही. दोन्हींतलं जे लागू पडेल ते ठेवून घ्या. मनीषावहिनींची कंबर आता बरी असेल. इकडे सुनेत्रा ठीक आहे आणि मी थकलो आहे. फोन केला असता, पण स्कूटरचा विषय निघाला की तुमच्या नागपुरातली रेंज जाते, म्हणून कागदावर लिहितो.

तुम्ही विचारलंत, एक कंपनी वारंटं देते आहे, घ्यावीत का. एकतीस वर्षं बँकेत घासलेल्या माणसाला विचारलंत हे बरं केलंत. लाभांशाचं वारंट तुम्हाला ठाऊक आहे: पाकिटातून यायचं, त्रेचाळीस रुपयांचं, आणि तीन महिन्यांत बँकेत भरलं नाही तर शिळं व्हायचं (तुमची अशी सात शिळी वारंटं मी काउंटरवरून परत केली, म्हणून त्या वर्षी तुम्ही दिवाळीला आला नाहीत). शेअरचं वारंट वेगळं. आज थोडे पैसे भरायचे आणि पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क मिळवायचा. दीड वर्षात घेतले तर घेतले. नाही तर हक्क गेला, भरलेले पैसेही गेले, पण कोणी घरी येत नाही. हे शेवटचं मी फार विचार करून लिहिलं आहे. कोर्टाचा कागद तसा शिळा होत नाही, तुम्ही गेला नाहीत की तो वाढतो. आधी समन्स, मग जामीनपात्र वारंट, मग अजामीनपात्र. झडतीचंही एक असतं, पण सुनेत्रा माझे खिसे त्याच्याशिवायच तपासते.

हे ज्ञान मला तुमच्या स्कूटरमुळे झालं. तेरा वर्षांपूर्वी तुम्ही इथे हवाई दलात होतात, विकास नगरच्या बाजारातून ती चोरीला गेली, आठ दिवसांत चोरासकट सापडली, आणि पोलीस ठाण्यातल्या कागदावर साक्षीदार म्हणून तुम्ही मला सही करायला लावलीत. ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे’ हे तुमचे शब्द. पुढच्याच महिन्यात तुमची बदली झाली. खटला रांगत रांगत साक्षीपर्यंत पोचला तोवर मी घर बदललं होतं, त्यामुळे समन्सं जुन्या भाड्याच्या घरी जात राहिली (तिथे आता ब्यूटी पार्लर आहे, त्यांनी ती नीट फाइल करून ठेवली होती, मला कळवावं एवढंच सुचलं नाही). शेवटी गेल्या वर्षी संक्रांतीला, ऐन हळदीकुंकवात, जामीनपात्र वारंट घेऊन दीवानजी दारात उभे. हेड कॉन्स्टेबलला इथे दीवानजी म्हणतात. माणूस इतका सभ्य, की बूट बाहेर काढले. मराठी मंडळाच्या अकरा बायका वाण पर्समध्ये कोंबून दहा मिनिटांत पांगल्या. सुनेत्राने गडबडीत दीवानजींच्याही हातावर तिळगूळ ठेवला, तर म्हणाले, ‘भाभीजी, शुगर है हमको. चाय फीकी चलेगी.’ तो बिनसाखरेचा चहा संपवून त्यांनी मला माझं वारंट वाचून दाखवलं.

कोर्टात हजर व्हायचं आणि इथला कोणीतरी जामीन द्यायचा, एवढंच होतं. मंडळातल्या सुजयला विचारलं, त्याच्या मुलीच्या लग्नात मी तीन दिवस पाण्याच्या बाटल्यांवर पहारा केला होता. त्याला एकाएकी गुडघा आठवला. बाकीच्यांना गावं आठवली. मी कोर्टाच्या व्हरांड्यात बसून राहिलो, आणि खरं सांगतो, रडू आलं. या शहरात उभं आयुष्य काढलं आणि एक सही मिळेना. तेवढ्यात एकाने येऊन पायांना हात लावला. ‘बाबूजी, परेशान न हों, हम कुछ करते हैं.’ अर्ध्या तासात तो आपल्या मेहुण्याला घेऊन आला, मेहुण्याने स्वतःच्या ई-रिक्षाचे कागद जामिनाला लावले, आणि मी सुटलो (मेहुणे असेही असतात). नंतर वकिलाने कानात सांगितलं, की हाच विजय. आपला आरोपी. स्कूटर नेली तेव्हा वीस वर्षांचा होता, आता दोन मुलींचा बाप आहे आणि सब्जीचा ठेला लावतो. तेरा वर्षांत एक तारीख चुकला नाही. वारंट निघालं ते साक्षीदारावर.

त्यानंतर अकरा तारखा झाल्या. वकिलांचा संप, न्यायाधीशांची रजा, आणि मुख्य म्हणजे तक्रारदार गैरहजर. पुण्याची तिकिटं मी तीनदा रद्द केली, आमच्या रुचाचं डोहाळजेवण हुकलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिचं बाळंतपण. सुनेत्राने डिंकाचे लाडू बांधून ठेवलेत, ती एकटी जाईन म्हणते आणि रात्री बोलत नाही. मी तारीख चुकवून जाऊ शकतो, पण मग जामीन जप्त होणार, म्हणजे त्या बिचाऱ्याची रिक्षा. आणि साक्ष देऊन तरी काय करू? ‘हाच तो’ म्हणून बोट दाखवू? तो तारखेला माझ्यासाठी बाकावर जागा धरून ठेवतो, भास्करराव. मला पहिलं नातवंड बघायचं आहे. बाकी काही नको.

वहिनींना नमस्कार. तुम्हाला वर दिलेलंच पुरे.

तुमचा कायमचा साक्षीदार,
लक्ष्मीकांत

ता. क. शेअरची वारंटं घेऊ नका. ते पैसे रेल्वेच्या तिकिटाला लागतील.

ता. क. २. स्कूटर अजून ठाण्याच्या आवारात आहे. सीटमधून पिंपळ उगवलाय, छान वाढलाय.

ता. क. ३. वकील म्हणतात, चोरीच्या खटल्यात मालकाने येऊन तडजोड केली की सगळं तिथेच मिटतं. ती मालकालाच करता येते, साक्षीदाराला नाही. तारीख १९ फेब्रुवारी. तुमची एक सही. नुसती फॉर्मॅलिटी आहे.

ता. क. ४. कोर्टाने तुमचा पत्ता मला विचारला तेव्हा मी शपथेवर होतो. या पाकिटावर तिकीट नाही हे तुम्ही पाहिलंच असेल. ते घेऊन जे गृहस्थ बूट काढून तुमच्या दारात उभे आहेत, त्यांना आधी चहा द्या, बिनसाखरेचा. मग त्यांच्या हातातला दुसरा कागद घ्या. तो अजामीनपात्र आहे, पण घाबरू नका. इथे आल्यावर जामिनाची सोय होईल. विजयला आणखी एक मेहुणा आहे.